पंखावरचं दव

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू जरा घुश्शातच विचारलंस, "अंदाज चांगला होता, तरी उड्डाण रद्द का करायला लावलंत?" तेव्हा घाईत होतो, म्हणून आता लिहितोय.

टाफ, म्हणजे विमानतळासाठीचा हवामान अंदाज, तू बरोबर वाचलास. पण टाफ असतो तो त्या विमानतळाच्या आसपासच्या सुमारे 8 किलोमीटरपुरता. आपली धावपट्टी त्याच्या बाहेर, डोंगराच्या अलीकडे, नाल्याकाठच्या खोलगटात आहे. संध्याकाळी उतारावरची थंड हवा पाण्यासारखी घरंगळत येऊन तिथेच साचते. त्या दिवशी आकाश निरभ्र, वारा पूर्ण पडलेला, तापमान आणि दवबिंदूत (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्यात) जेमतेम 2 अंशांचा फरक. मी पंखावरून हात फिरवला, तर ऊन असतानाच तो ओलसर लागला. मग टाफ काहीही म्हणो, धुकं धरायची चिन्हं होती.

तुझ्याएवढा होतो तेव्हा अशाच एका संध्याकाळी मी उतरायला आलो. वरून धावपट्टी लख्ख दिसत होती, अगदी मधली पांढरी रेघसुद्धा. फायनलला, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर आलो आणि सगळं दुधात बुडालं. सरळ खाली पाहताना 10 मीटर जाडीचा धुक्याचा थर जाणवतही नाही; 3 अंशांच्या उतारावरून तिरकं पाहताना त्याच थरातून जवळपास 190 मीटर आरपार बघावं लागतं. थ्रॉटल पुढे ढकलला, वर गेलो आणि उंचावरच्या दुसऱ्या धावपट्टीवर उतरलो. तिथवर पुरेल एवढं इंधन होतं, ही अक्कल माझी नव्हे, माझ्या गुरूंची.

उन्हाळ्याचा मामला वेगळा. 2000 फुटांवरच्या धावपट्टीवर 36 अंश तापमान असेल, तर हवा विरळ होते आणि विमानाला ती साधारण 5000 फुटांवर असल्यासारखी वाटते. धाव लांबते, चढ मंदावतो. दुपारी दोघं बसून, टाकी काठोकाठ भरून निघायचा हट्ट तेव्हा नको. आणि विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी, एका टोकाला झाडांच्या आडोशाला आहे, हे तुला एव्हाना कळलंच असेल; तो लोंबकळतोय म्हणून वारा नाही असं समजू नकोस.

शनिवारी पहाटे ये. उडायचं नाहीये. नाल्यावरचं धुकं किती वाजता उठतं आणि आधी कुठून विरतं, एवढंच बघायचंय. वही आण, आणि स्वेटरही.

तुझा,
उड्डाणशिक्षक