अंकांची बेरीज २८ : नियम की योगायोग?

प्रश्न : ३,३५,५०,३३६ ही संख्या परिपूर्ण असल्याचे वाचनात आले. एवढ्या मोठ्या संख्येचे विभाजक शोधून हे हाताने पडताळता येते का? शिवाय तिच्या अंकांची बेरीज २८ येते आणि २८ हीदेखील परिपूर्ण संख्या आहे. यामागे काही नियम आहे का?

उत्तर : स्वतःला वगळून उरलेल्या सर्व विभाजकांची बेरीज जिच्याइतकी भरते, ती परिपूर्ण संख्या. ६, २८, ४९६ आणि ८१२८ नंतर येणारी आपली संख्या ही या मालिकेतली पाचवी.

पडताळा कागदावर सहज होतो, कारण ही संख्या म्हणजे ४०९६ × ८१९१ हा गुणाकार आहे. ४०९६ हा २ चा बारावा घात आहे, तर ८१९१ ही मूळ संख्या आहे. २ चा तेरावा घात वजा १ असे तिचे रूप असल्याने तिचा मूळ विभाजक असलाच, तर त्याला २६ ने भागून बाकी १ उरली पाहिजे. ८१९१ चे वर्गमूळ ९० च्या जरासे वर असल्याने त्यापुढे पाहायची गरज नाही. म्हणून ९० पर्यंत केवळ ५३ आणि ७९ या मूळ संख्या तपासाव्या लागतात, आणि दोघांनीही भाग जात नाही. आता १, २, ४ पासून ४०९६ पर्यंतच्या विभाजकांची बेरीज ८१९१ होते. उरलेले विभाजक म्हणजे ८१९१ ची १, २, ४ पासून २०४८ पर्यंतची पट, आणि त्यांची बेरीज ८१९१ × ४०९५. दोन्ही मिळून ८१९१ × ४०९६, म्हणजे आपली संख्याच. ही रीत प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडची आहे. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच साच्यातली असते, हे पुढे अठराव्या शतकातील गणिती ऑयलरने सिद्ध केले.

हीच संख्या त्रिकोणी आहे, कारण १ पासून ८१९१ पर्यंतच्या सर्व संख्यांची बेरीज तेवढीच येते. ती १ पासून १२७ पर्यंतच्या विषम संख्यांच्या घनांची बेरीजही आहे. केवळ ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत मात्र तिचे रूप सर्वांत देखणे दिसते : सलग तेरा १ आणि त्यांच्यामागे बारा ०.

आता आपला दुसरा प्रश्न, जो मला अधिक रोचक वाटला. ८१९१ ला ३ ने भागल्यास बाकी १ उरते, आणि अशा संख्येपर्यंतची त्रिकोणी बेरीज ९ ने भागल्यास बाकी नेहमी १ च उरते. ६ सोडून प्रत्येक सम परिपूर्ण संख्येला हे लागू पडते. संख्येला ९ ने भागून जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागूनही उरते. त्यामुळे अंकांची बेरीज १०, १९, २८, ३७ अशांपैकीच असणार, एवढाच नियम आहे. त्यांतली नेमकी २८ येणे हा योगायोग. ४९६ आणि ८१२८ या दोन्हींच्या अंकांची बेरीज १९ आहे, तर सहाव्या ८,५८,९८,६९,०५६ या संख्येच्या अंकांची ६४, आणि १९ किंवा ६४ यांपैकी एकही परिपूर्ण नाही.