थ्रूपुटला ‘उरक’ म्हटलं तर?

सावंतवाडीची एक विद्यार्थिनी विचारते : प्रकल्पाच्या अहवालात ‘सस्टेनेबल थ्रूपुट’साठी (नेटवरून सेकंदाला प्रत्यक्ष किती डेटा टिकून पोचतो, त्यासाठी) मी ‘शाश्वत वेग’ लिहिलं. सरांनी त्याभोवती गोल केला. दुसरं काय लिहू?

गोल बरोबर पडलाय, आणि अडचण दोन्ही शब्दांत आहे. ‘शाश्वत विकास’ इतका रुळलाय की सस्टेनेबल दिसलं रे दिसलं की हात शाश्वतकडेच जातो. पण शाश्वत म्हणजे कायमचं, अविनाशी. तुम्हाला एवढंच सांगायचंय की हा आकडा पहिल्या झटक्यापुरता नाही, मोठी फाईल पाठवतानाही शेवटपर्यंत टिकतो. मग सरळ ‘टिकणारा’ लिहा. साध्या शब्दाला अहवालात बंदी नाही.

‘वेग’ जास्त घोटाळा करतो. ऑप्टिकल फायबरमधून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो; प्लॅन ४० एमबीपीएसचा (सेकंदाला ४० मेगाबिट) घ्या नाहीतर ३०० चा, हा वेग तोच. बदलतं ते सेकंदाला किती माल पलीकडे पोचला हे. आणि त्यासाठी आपल्याकडे ‘उरक’ आहे. वेंगुर्ल्याकडे काजूच्या कारखान्यात एखादीला ‘कामाचा उरक आहे’ म्हणतात, तेव्हा तिचे हात किती भराभर हलतात हे कुणी मोजत नाही. दिवसअखेर किती गर निघाला त्याचं वजन होतं.

व्याख्याही तेच म्हणते. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी २००१ च्या आरएफसी ३१४८ मध्ये ‘बल्क ट्रान्सफर कपॅसिटी’ (मोठा डेटा पोचवण्याची क्षमता) मोजताना पोचलेला डेटा भागिले लागलेला वेळ असं धरलंय. पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, हरवलं म्हणून पुन्हा पाठवलं तर ते एकदाच मोजायचं, आणि हेडरचे (पॅकेटवरच्या पत्त्या-बित्त्याचे) बिट हिशेबात घ्यायचे नाहीत.

उरक आणि लाईनची क्षमता यांत किती अंतर पडू शकतं ते १९८६ मध्ये दिसलं. अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात जेमतेम ४०० यार्डांचं अंतर. गर्दीमुळे तिथला उरक सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. तारा जागच्या जागी होत्या! संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये टीसीपीला (डेटा नीट पोचवण्याच्या इंटरनेटच्या नियमांना) गर्दी ओळखून हात आखडता घेण्याची रीत सुचवली, ती यातूनच. आपल्याकडचं ‘रेंज आसा, पण नेट चलना नाय’ हे वाक्य याच दुखण्याचं आहे.

मोजणी अवघड होते तीही या रीतीमुळेच. टीसीपी हळू सुरू होतो, म्हणून चाचणीतले पहिले काही सेकंद सोडून द्यावे लागतात. पॅकेट गळलं की तो पाठवणं कमी करतो. मॅथिस आणि सहकाऱ्यांच्या १९९७ च्या सूत्रानुसार जाऊन-येऊन लागणारा वेळ दुप्पट झाला तर उरक निम्मा होतो; गळती चौपट झाली तरी निम्माच. (नव्या टीसीपी-प्रकारांना हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाजाला पुरतं.) म्हणून जवळच्या सर्व्हरवर स्पीड टेस्ट झकास येते आणि परदेशी सर्व्हरवर तीच फाईल रडत जाते.

एक आक्षेप येईल : ‘उरकणे’ला घाईघाईने आटोपण्याची छटा आहे, ‘लग्न उरकून घेतलं’ म्हणतात तशी. ती क्रियापदाला आहे. ‘उरक’ या नामाला कौतुकाचीच छटा आहे. ‘कार्यक्षमता’ मात्र घेऊ नका, ती एफिशियन्सीची जागा आहे. बँडविड्थ (लाईनची क्षमता) बँडविड्थच राहू द्या. डिलेला विलंब, लॉसला गळती.

वाक्य असं करा : ‘सावंतवाडी ते मुंबई या मार्गावर टिकणारा उरक सेकंदाला इतके मेगाबिट.’ मेगाबाइट नको, तो आठपट होतो. आणि कुठून कुठे, किती वेळ मोजलं, हे त्याच ओळीत लिहा.