ठराव झाला, पण काम पुढे सरकत नाही

संस्था किंवा कारखाना बदलाच्या वाटेवर नेणाऱ्यांची बरीच पत्रं आली. त्यांतली तीन या अंकासाठी निवडली आहेत.

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमची आंबा बागायतदारांची सहकारी संस्था आहे. सभासद 64. डझनावर पेट्या भरून वाशीला पाठवण्याऐवजी आंबा संस्थेच्या पॅकहाउसमध्ये आणायचा, वजनावर प्रतवारी करायची आणि संस्थेमार्फत विकायचा, असा ठराव वार्षिक सभेत एकमताने झाला. हंगामात मात्र नऊ जणांनीच माल दिला. लोकांना पटवून देण्यात मी अध्यक्ष म्हणून कुठे कमी पडतो?

उत्तर : योजना सभासदांना पटली आहे असं धरून चाला. सभेत हात वर करताना कुणाला काही सोडावं लागत नाही, हंगामात सोडावं लागतं. ज्याने फवारणीसाठी दलालाकडून उचल घेतली, त्याचा आंबा मोहोर येण्याआधीच बांधला गेलेला असतो. ही गोष्ट तो चारचौघांत बोलणार नाही. हात वर करेल आणि एप्रिलमध्ये गाडी वाशीला लावेल.

म्हणून एका वहीत सगळी 64 नावं लिहा आणि प्रत्येकापुढे, या बदलात त्याचं काय जातं, ते लिहा. कुणाची उचल अडकलेली असेल. कुणाची वाशीतल्या गाळ्याशी वडिलांपासूनची ओळख असेल. कुणाचं फळ बारीक असल्याने वजनाचा काटा त्याच्या विरोधात जात असेल. आणि एखाद्याला वाडीत ‘आंब्याचा जाणकार’ म्हणून मान असेल. काटा आला की त्या नजरेची किंमत उतरते. हे शेवटचं कारण कुणी तोंडाने सांगत नाही, पण अनेक बदल तिथेच अडतात.

वही ऑफिसात बसून भरता येत नाही, घरोघरी जावं लागतं. एवढंच विचारा : गेल्या हंगामात माल कुठे दिलात, आणि तिथून मागे फिरायचं तर काय अडतं? मग ऐका. या भेटीत योजनेची बाजू मांडू नका. तुम्ही समजावू लागलात की समोरचा ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणून चहा पुढे करतो आणि खरं कारण पोटातच राहतं. नेतृत्वातलं हे सगळ्यांत अवघड कसब आहे. बाहेर पडल्यावर ऐकलेलं त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा. दहा-बारा घरांनंतर कान तयार होऊ लागतो.

काही अडचणी पैशाने सुटतात. उचलीला पर्याय हवा तर जिल्हा बँकेच्या पीककर्जाची कागदपत्रं संस्थेने दिवाळीआधी पुरी करून द्यावीत. फवारण्या सुरू झाल्यावर मिळालेलं कर्ज उचल थांबवत नाही. माल आला त्याच दिवशी अंदाजे रकमेचा निम्म्याहून मोठा हिस्सा हातात पडावा, बाकीचा विक्रीनंतर. बारीक फळ कॅनिंगला कोणत्या दराने जाईल, तेही आधीच लिहून द्या.

साक्याचा निर्णय तर पहिल्या पेटीआधी झालाच पाहिजे. साका म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा होणं; तो बाहेरून दिसत नाही. ग्राहकाने फळ कापल्यावर तक्रार येते, तोवर कुठलं फळ कुणाच्या बागेतलं, हे सांगता येत नाही. ते नुकसान संस्था सोसणार की सगळ्यांच्या बिलातून सारखी कपात होणार, हे ठरलं नसेल तर पहिल्याच तक्रारीवर भांडण होतं आणि दोष वजनकाट्याला लागतो.

मानाची अडचण पैशाने सुटत नाही. त्या जाणकाराला प्रतवारीच्या टेबलाशी बसवा. वजन काटा सांगेल. कोवळं फळ, डाग, देठाजवळचा चीक त्याने पाहावा. त्याच्या सहीशिवाय फळ नाकारायचं नाही, असा नियम करा. विरोधात राहिला असता असा माणूस संस्थेच्या कामात येतो, आणि हे काम त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला जमतही नाही.

आता सभांबद्दल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता, तेव्हा कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने गृहिणींच्या गटांवर एक प्रयोग केला. जनावरांचं हृदय, मूत्रपिंड अशा, एरवी टाळल्या जाणाऱ्या भागांचे पदार्थ त्यांनी घरी करावेत, हा उद्देश. काही गटांना चांगलं व्याख्यान दिलं. काहींना आपसात चर्चा करून, आपण स्वतः ते करून बघणार का, हे हात वर करून ठरवायला सांगितलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी 3 टक्के बायकांनी ते घरी केलं, चर्चा केलेल्यांपैकी 32 टक्के बायकांनी. तुमच्या सभेतही हात वर झाले, पण ते ‘संस्थेने असं करावं’ यासाठी. त्या बायकांनी ‘मी काय करणार’ ते ठरवलं होतं. म्हणून वाडीवाडीत आठ-दहा जणांच्या बैठका घ्या आणि प्रत्येकाने आपल्या तोंडाने सांगावं : मी इतक्या पेट्यांचा माल देणार. पहिल्या वर्षी कुणाकडूनही एकूण मालाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घेऊ नका. थोडा माल देणारा माणूस धीराने बघतो. सगळा माल देणारा पहिला दर पडताच बिथरतो.

बैठका भातलावणी उरकल्यावर, गणपतीच्या आधी घ्या. शिमग्याला पालखी घरोघर फिरत असताना कुणाला बसवू नका. तोवर मालही दुसरीकडे ठरलेला असतो. हंगामात पॅकहाउसच्या दारात रोज फळा लिहा : आलेलं वजन, नाकारलेलं वजन, नाकारण्याचं कारण, मिळालेला दर. दर पडला त्या दिवशी तर नक्की लिहा.

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळ आमचा काजू कारखाना आहे. बी फोडायला स्वयंचलित मशिन घेतलं आहे. हाताच्या मशिनवर 22 बायका किलोवर मजुरी घेतात. कुणालाही काढणार नाही असं सांगितलं, तरी दोघी सोडून गेल्या. काय चुकतंय?

उत्तर : ‘काढणार नाही’ एवढ्याने भीती जात नाही. बाई विचारते ती शनिवारी हातात किती पडणार हे. मशिन आल्यावर फोडलेला माल एकदम वाढतो आणि काम साल काढण्याच्या टेबलावर तुंबतं, म्हणजे तिथे हात लागणारच. कोण, कुठल्या टेबलावर, कधीपासून, हे नावानिशी सांगा. नवं काम शिकेपर्यंत किलोचा हिशेब कमी भरतो, म्हणून पहिले दोन महिने प्रत्येकीला मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीइतकी मजुरी नक्की द्या. हा खर्च मशिनच्या किमतीतच धरायला हवा होता, अजूनही धरा.

सुरुवातीला तुकडा, म्हणजे फुटलेला गर, वाढेल. बी आकाराप्रमाणे चाळलेली नसेल किंवा वाफ कमी-जास्त झाली असेल, तर पाती गरावर बसतात. त्या दिवसांत बायकांनाही बोल लावू नका आणि मशिनलाही नाही. चाळणीचा आकार, वाफेची वेळ आणि तुकड्याचं प्रमाण प्रत्येक घाण्याला लिहून ठेवा. हे लिहायचं काम 22 जणींतल्या सर्वांत अनुभवी बाईंकडे द्या. वाफवलेली बी हातात घेताच ओळखणाऱ्या त्याच आहेत. आणि जे खरोखर ठरलेलं नाही, त्याबद्दल ‘अजून ठरलेलं नाही, महिनाअखेरीस सांगतो’ असं स्पष्ट म्हणा, आणि त्या दिवशी सांगाच.

प्रश्न : मी 28 वर्षांची, मच्छीमार सहकारी संस्थेची नवी सचिव. डिझेल आणि बर्फाच्या वह्या संगणकावर आणायच्या आहेत. जुने संचालक ‘बघू पुढे’ म्हणतात. त्यांच्याशी कसं बोलावं?

उत्तर : 1 जूनला पावसाळी बंदी लागली, बोटी वर ओढल्या, की तांडेल (बोटींचे प्रमुख) आणि संचालक गावात सापडतात, तेव्हा सुरुवात करा. आधी एकेकट्याला भेटा आणि उधारीची यादी कोणाला दिसणार, हे न विचारताच सांगा. बहुतेकांच्या मनात तोच प्रश्न असतो. मग फक्त बर्फाची वही घ्या, डिझेलची नको. करपरताव्याचे कागद त्यात गुंतलेले असतात. मासेमारी सुरू झाल्यावर दोन महिने वही आणि संगणक बरोबर चालवा, रोज संध्याकाळी दोन्हींची शिल्लक जुळवा आणि त्यावर ज्येष्ठ संचालक काकांची सही घ्या. दोन महिन्यांनी जुनी वही कमिटीसमोर बंद करा. दोन्ही चालू ठेवल्या तर गर्दीच्या दिवशी लोक वहीकडेच वळतात आणि संगणकातली शिल्लक चुकते.