एलिमिनेशनचं प्रॅक्टिकल लावण्याआधी

बाळा, नांदेडच्या मे महिन्यात तू टर्शरी ब्युटाइल क्लोराइड घेऊन बसणार, म्हणून आधीच सांगते. इथेनॉलमध्ये पाणी वाढवत गेलास की क्लोराइड सुटण्याचा वेग नुसता वाढत नाही, उसळतो. ग्रुनवाल्ड आणि विन्स्टाइन यांनी 1948 मध्ये 80 टक्के इथेनॉलला शून्य धरून द्रावकांची मोजपट्टीच केली: निव्वळ इथेनॉल उणे 2.03, पाणी 3.49. पट्टी लॉगची आहे, एक अंक म्हणजे दहा पट, म्हणजे फरक तीन लाख पटींच्या घरात!

पण वेग वाढला म्हणजे अल्कीन (एलिमिनेशनमध्ये बनणारं दुहेरी बंधाचं संयुग) वाढलं, असं समजू नकोस. मीही तिथंच फसले होते. क्लोराइड सुटल्यावर उरलेल्या धनभारित कार्बोकॅटायनला बहुतेकदा पाणीच गाठतं, मग अल्कीन बनत नाही. अल्कीनचा वाटा वाढवायचा तर तापव.

ही झाली ई-वनची वाट. ई-टूचं, म्हणजे हायड्रॉक्साइड प्रोटॉन ओढतं त्याच वेळी क्लोराइड सुटतं त्या वाटेचं, गणित उलटं. तिथं हायड्रॉक्साइडचा भार संक्रमण अवस्थेत (जुने बंध तुटत, नवे जुळत असतानाच्या क्षणी) पसरतो, म्हणून पाण्यानं वेग थोडा घटतो. डीएमएसओ हा द्रावक मिसळलास तर हायड्रॉक्साइडभोवतीचा पाण्याचा गराडा सुटतो आणि ते झपाट्यानं प्रोटॉन ओढतं.

आणि हो, 50 मिली इथेनॉल अधिक 50 मिली पाणी म्हणजे 100 नव्हे, साधारण 96-97. दोन्ही वेगळं मोजून मग मिसळ. थर्मोस्टॅट मात्र सोडू नकोस. दुपारी आपल्या लॅबचं तापमान तुझ्या आकड्यांची वाट लावेल.