रात्री बांधलेल्या रुग्णाची सकाळी केलेली नोंद

सिस्टर,

तुमचं पत्र मिळालं. पुण्यातल्या एका खासगी मानसोपचार रुग्णालयात तुम्ही रात्रपाळीला होतात. पहाटे दोनच्या सुमारास आरएमओंनी (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी) फोनवर 'बांधा' म्हणून सांगितलं. तुम्ही आणि वॉर्डबॉयने रुग्णाला रोलर बँडेजने पलंगाला बांधलं आणि नोंद सकाळी सातला, ड्यूटी सोडताना केली. दुपारी भेटीला आलेल्या मुलाला वडिलांच्या मनगटांवर वळ दिसले. आता त्याची लेखी तक्रार आली आहे, तुम्हाला कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे, आणि मेट्रन, म्हणजे तुमच्या मुख्य परिचारिका, तोंडी सांगतात की नोट्समध्ये 'रात्री २.१०' अशी वेळ घालून नोंद नव्याने लिहा. तुम्ही विचारता, अटक होईल का? परिचारिकांच्या पत्रांत हा प्रश्न नेहमी पहिला असतो. तुमचं प्रकरण मात्र त्या २.१० वर ठरणार आहे.

ती वेळ घालू नका. कुणीही सांगितलं तरी नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधलं कलम ९७ म्हणतं की रुग्णाला किंवा इतरांना तात्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि तो टाळायचा दुसरा उपायच नसेल, तरच बांधता येतं. तेही उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, आणि अगदी गरजेपुरत्याच वेळेसाठी. बांधण्याची पद्धत, कारण आणि कालावधी यांची नोंद लगेच झाली पाहिजे. ही नोंद झाली की नाही हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने रुग्णालयाच्या प्रभारी अधिकाऱ्यावर टाकली आहे, तुमच्यावर नाही. म्हणजे सातची नोंद हा उशीर आहे, आणि त्याचं उत्तर आधी रुग्णालयाने द्यायचं आहे. तुमच्या हाताने २.१० लिहिलंत की तोच उशीर खोटा दस्तऐवज होतो, आणि त्याचं उत्तर तुम्हाला एकटीला द्यावं लागेल. शिवाय आपल्या उपचाराची मूलभूत कागदपत्रं मिळण्याचा हक्क रुग्णाला कलम २५ ने दिला आहे. मुलाने त्या पानाची झेरॉक्स आधीच घेतली असेल तर? रात्री अकराच्या गोळ्यांची नोंद आणि त्याखाली सातची, यांच्यामध्ये दाटीवाटीने बसवलेली ओळ कोणताही वकील भिंगाशिवाय ओळखतो.

काही राहिलं असेल तर आजची तारीख, आजची खरी वेळ आणि 'उशिरा केलेली नोंद' असे शब्द घालून खाली लिहा. बांधण्याआधी रुग्णाशी बोलून पाहिलं का, त्याला शांत जागी नेलं का, लिहून ठेवलेलं औषध दिलं का? बांधल्यावर दर किती वेळाने पाहिलंत, बोटांचा रंग, हाताची सूज, पाणी, लघवी? वळ कधी दिसले आणि कुणाला कळवले? जे केलं तेच लिहा. जे केलं नाही ते सोडून द्या. मनोरुग्णाच्या शुश्रूषेत बांधणं हा शेवटचा उपाय आहे, आणि त्याआधीचे उपाय कागदावर दिसले तरच तो शेवटचा होता असं म्हणता येतं.

आता नोटिशीला तुम्ही दिलेल्या खुलाशाबद्दल, आणि इथे मला खरंच राग येतो. नोटीस हातात पडली त्याच संध्याकाळी, कुणालाही न दाखवता, तुम्ही लिहून दिलंत: 'वॉर्डात मी एकटीच होते, म्हणून बांधावं लागलं.' केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येणार नाही, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलं आहे. सही करायच्या आधी एक फोन करायला काय हरकत होती? ते वाक्य आता मागे घेता येणार नाही, आणि खरं असेल तर घेऊही नका. पण तो रुग्ण खिडकीच्या गजावर डोकं आपटत होता असं तुम्ही मला पत्रात लिहिलंत, ते खुलाशात कुठेच नाही. पुरवणी खुलासा देऊन ते लिहा. पाळीचं वेळापत्रक जोडायची मागणी करा, म्हणजे वॉर्डात एकच सिस्टर ठेवली कुणी हेही रेकॉर्डवर येईल.

परवानगीचा मुद्दा मला अजून उलगडलेला नाही. आरएमओ मनोविकारतज्ज्ञ आहेत का? नसतील, तर उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाला कधी कळवलं? फोनची कॉल लॉग पुसू नका. घरच्यांना कळवण्याबाबत कायदा नामनिर्देशित प्रतिनिधीसाठी, म्हणजे रुग्णाच्या वतीने पाहणाऱ्या व्यक्तीसाठी, २४ तास देतो. मुलगा दुपारी आला तेव्हा ते संपले नव्हते, त्यामुळे त्यावर आज ठाम बोलत नाही.

अटकेबद्दल एवढंच: उपचारातल्या निष्काळजीपणाच्या तक्रारीत आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलं. ते डॉक्टरांच्या संदर्भात होतं. तुमच्यासाठी तसाच युक्तिवाद करता येईल, पण खात्री देत नाही.

मुलगा मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडेही, म्हणजे याच कायद्याखाली रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे, जाऊ शकतो. कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला आणि महाराष्ट्रात ही मंडळं उभी राहायला वर्षं गेली, त्यात किती रुग्ण आणि किती परिचारिका ताटकळल्या. ग्राहक आयोगात गेला तर उलटतपासणी काही वर्षांनी होईल. तोवर ती रात्र तुम्हाला नीट आठवणार नाही. म्हणून आजच घरी बसून मिनिटामिनिटाचा तपशील स्वतःच्या हाताने लिहा, तो रुग्णालयाला देऊ नका. नोटिशीची मुदत संपण्याआधी तो तपशील, खुलाशाची प्रत आणि फोन घेऊन भेटा. मेट्रनना तोपर्यंत लेखी कळवा: 'मूळ नोंदीत बदल करणार नाही.' पोच घ्यायला विसरू नका.