खेळातलं विचारा: जुना हिरो कोच होऊन कॉलेजात परत येतो तेव्हा

मागच्या अंकात अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलवर जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांचा विषय एकच, म्हणून या वेळी सगळं सदर त्यालाच देतोय.

प्रश्न: सर, मुलगा दिवसभर मॅक मॅक्लंगच्या डंकचे व्हिडिओ बघत असतो. त्याच्याकडून कळलं की मॅक्लंग आधी जॉर्जटाऊन युनिव्हर्सिटीत होता आणि तिथला कोच पॅट्रिक युइंग होता. युइंग आम्हाला अमेरिकेच्या 92 च्या ऑलिम्पिकमधल्या ड्रीम टीममुळे माहीत. एवढा मोठा माणूस कॉलेजच्या पोरांचा कोच कशाला झाला आणि झाला तर जमलं का नाही?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: मुलाची माहिती पक्की आहे. मॅक्लंग दोन सीझन युइंगच्या हाताखाली खेळला आणि 2020 ला टेक्सास टेकला निघून गेला. हे निघून जाणं जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

युइंग मूळचा जमैकातल्या किंग्स्टनचा, लहानपणी मॅसॅच्युसेट्सला आला आणि 1981 ला वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाऊनला. सात फूट उंची, चार वर्षांत तीन नॅशनल फायनल. 1982 ला नॉर्थ कॅरोलायनाकडून 63-62 ने गेली, विजयाचा शॉट मारणारा फर्स्ट इयरचा पोरगा म्हणजे मायकल जॉर्डन. 1984 ला ह्युस्टनला हरवून जिंकले. 1985 ला व्हिलानोव्हाने 28 पैकी 22 शॉट बास्केटमध्ये घातले आणि 66-64 ने घेऊन गेले, आता समोरचा असा खेळला तर कोण काय करणार. आणि हे सगळं होत असताना दुसऱ्यांच्या मैदानावर याच्यासाठी वंशभेदी बॅनर लागायचे, केळ्याची सालं फेकली जायची. तेव्हा पाठीशी उभा राहिला तो कोच जॉन थॉम्पसन. खांद्यावर कायम पांढरा टॉवेल, आणि ऑफिसात हवा गेलेला एक बास्केटबॉल मुद्दाम ठेवलेला, म्हणजे आलेल्या पोराला न बोलता कळावं की बॉलमधली हवा एक दिवस जाणारच आहे बाबा, डिग्री घे. युइंगने चारही वर्षं पूर्ण केली आणि मग एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, पहिल्या नंबरला निवडला गेला.

खेळणं थांबल्यावर त्याने एनबीएत असिस्टंट कोच म्हणून जवळपास पंधरा वर्षं काढली, वॉशिंग्टन, ह्युस्टन, ऑर्लँडो, शार्लट, पण हेड कोच म्हणून कोणी उभं करेना. 2017 ला जॉर्जटाऊनने थॉम्पसनच्या मुलाला, तो तिथे कोच होता, त्याला काढलं आणि युइंगला आणलं. म्हणजे गुरूच्या पोराच्या जागी गुरूचा लाडका चेला. माजी विद्यार्थी खूश, देणगीदार खूश, पेपरवाल्यांना आयती हेडलाइन.

आता का जमलं नाही ते. एनबीएत कोचच्या हातात तयार खेळाडू येतात, ते आणणं वेगळ्या ऑफिसचं काम. कॉलेजात कोचनेच जाऊन पोरं आणायची. सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी सोफ्यावर बसायचं, आईला सांगायचं की अभ्यासाकडे लक्ष देईन, मामाला सांगायचं की खेळायला मिळेल, पोराला सांगायचं की एनबीएत पोचवीन, आणि तिथून निघून तेच दुसऱ्या घरी. शिवाय या पोराने युइंगला खेळताना पाहिलेलंच नसतं, पाहिलेलं असतं त्याच्या बापाने. बाप सेल्फी काढतो आणि पोरगा दुसऱ्या कॉलेजला सही करतो. माझ्या मते हिरोच्या नावाने दार एकदा उघडतं, दुसऱ्या वेळी दार उघडायला काम लागतं.

त्यात आलेली पोरं टिकेनात. 2019 च्या डिसेंबरात सीझन चालू असताना काही जण टीम सोडून गेले, पुढच्या वर्षी मॅक्लंग गेला. आणि 2021 च्या एप्रिलमध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संस्थेने, नियम बदलला, एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसायची गरज नाही. जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घ्यायला मोकळीक. म्हणजे कोचला आता दर उन्हाळ्यात स्वतःच्याच पोरांना परत पटवायचं, आणि समोर पैसेवाले उभे.

पण नुसतं फेल गेला म्हणाल तर 2021 चा मार्च विसरू नका. सगळ्यांनी जॉर्जटाऊनला बिग ईस्टमध्ये, म्हणजे त्यांच्या कॉलेज लीगमध्ये (तिकडे कॉन्फरन्स म्हणतात), शेवटचं धरलेलं, टूर्नामेंटला आठव्या नंबरवर आलेले, आणि चार दिवसांत चार मॅचेस जिंकले, फायनलला क्रेटनला 73-48 असं धुतलं. जागा न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, जिथे एनबीएच्या निक्स टीमकडून तो पंधरा वर्षं खेळला आणि जिथे त्याची 33 नंबरची जर्सी छताला टांगलीये. आणि त्याच बिल्डिंगमध्ये सिक्युरिटीवाले त्याला सारखे अडवून पास मागत होते! व्हिलानोव्हाला हरवल्यावर पत्रकारांसमोर त्याने हे वैतागून सांगितलं, मी कोण आहे हे इथे सगळ्यांना माहीत पाहिजे म्हणाला. थॉम्पसन आदल्या ऑगस्टमध्येच वारलेले, त्यामुळे तो कप त्याच्यासाठी काय असेल ते मी सांगायला नको.

पुढच्याच सीझनला बिग ईस्टमध्ये 19 मॅचेस, 19 हार. कॉन्फरन्समधल्या हारांची रांग 29 वर जाऊन थांबली. 2023 च्या मार्चमध्ये काढला, एकूण हिशोब 75 विजय आणि 109 हार. त्याच्याबद्दल वाईट वाटतं, पण निर्णय चुकला असं नाही म्हणता येत, उलट कॉलेजने एक वर्ष जास्तच दिलं. दुसरा कोणी असता तर 0-19 नंतर त्याच आठवड्यात सामान बांधायला लावलं असतं.

प्रश्न: मग सरळ म्हणा ना की मोठा खेळाडू चांगला कोच होऊच शकत नाही. आपल्याकडे आचरेकर सरांचं उदाहरण आहेच.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आचरेकर सर फर्स्ट क्लासची एकच मॅच खेळले आणि त्यांच्या हाताखालून कोण कोण निघालं ते जगाला माहितीये, हे खरं. वर लिहिलेला थॉम्पसनसुद्धा एनबीएच्या बॉस्टन सेल्टिक्समध्ये दोन सीझन बिल रसेलचा बदली म्हणून बेंचवर होता, मोठा झाला तो कोच म्हणून. पण एवढ्यावरून नियम करायचा म्हणजे जरा घाई होते.

तुमच्या बाजूचे दाखले आधी देतो. क्लाइड ड्रेक्सलर, ह्युस्टनचा, युइंगच्याच काळातला, 1998 ला आपल्या कॉलेजला कोच झाला, दोन सीझन, 19 विजय 39 हार, विषय संपला. ख्रिस मलिन, सेंट जॉन्स कॉलेजचा, 1985 च्या सेमीफायनलला याला युइंगच्या टीमने 77-59 ने हरवलेलं. तो 2015 ला परत आला, आधी कधी कोचिंग केलेलंच नव्हतं, पहिल्याच वर्षी 8-24. चौथ्या वर्षी कशीबशी देशपातळीवरची एनसीएए टूर्नामेंट गाठली, पहिलीच मॅच हरले आणि त्याने राजीनामा दिला.

आता दुसरी बाजू बघा. नॉर्थ कॅरोलायनाचा ह्युबर्ट डेव्हिस, एनबीए झाली, टीव्हीवर बडबड झाली आणि मग आपल्याच कॉलेजात रॉय विल्यम्सच्या हाताखाली नऊ वर्षं असिस्टंट. 2021 ला हेड कोच झाला आणि पहिल्याच सीझनला फायनल. वाटेत ड्यूक युनिव्हर्सिटीच्या, निवृत्त होत असलेल्या कोच केंना (माइक शिशेव्स्की) त्यांच्या घरच्या शेवटच्या मॅचमध्ये हरवलं आणि परत सेमीफायनलमध्येही, म्हणजे माणसाच्या निरोप समारंभात दोनदा जाऊन मांडव पाडला. फायनलला कॅन्सासविरुद्ध हाफटाइमला 15 ने पुढे होते आणि हरले, आणि पुढच्या सीझनला देशात पहिल्या नंबरवरून सुरुवात करून टूर्नामेंटलाच पोचले नाहीत, ते पण खरंच. ड्यूकचा जॉन शायरही तसाच, 2010 च्या चॅम्पियन टीमचा कॅप्टन, मग कोच केंच्या हाताखाली वर्षानुवर्षं, 2022 ला खुर्ची मिळाली आणि 2025 ला फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चारात.

तेव्हा मी तरी किती मोठा खेळाडू होता हे बघत नाही, मधल्या काळात कुठे होता ते बघतो. युइंगनेही पंधरा वर्षं घासली, पण एनबीएत. डेव्हिस आणि शायर यांनी कॉलेजात घासली, पोरांच्या घरी चकरा मारल्या, कुठल्या शाळेचा कोच फोन उचलतो आणि कुठला नाही हे त्यांना पाठ.

हे सगळं छान मांडून झालं की फ्रेड हॉयबर्ग आडवा येतो. आयोवा स्टेटचा लाडका, एम्स गावातच वाढलेला, टोपणनाव 'मेयर', कारण कॉलेजात असताना लोकांनी महापौराच्या निवडणुकीत चिठ्ठीवर खरोखर याचं नाव लिहिलं होतं. 2010 ला कोच झाला तेव्हा कोचिंगचा अनुभव शून्य, एनबीएच्या एका टीमच्या ऑफिसात काम करत होता. पाच सीझनमध्ये 115 विजय, 56 हार, लागोपाठ चार वर्षं एनसीएए टूर्नामेंट. त्याने काय केलं तर दुसऱ्या कॉलेजांतून बाहेर पडलेली, कोणाला नको असलेली पोरं उचलली. तेव्हा लोक नाकं मुरडत होते, आज सगळे तेच करतायत. मला वाटतं ऑफिसात बसून खेळाडूंची किंमत करायची सवय कामाला आली, पण हे आपलं माझं मत.

प्रश्न: आम्ही मिशिगनला राहतो, मिस्टर ॲन आर्बरच्या मिशिगन युनिव्हर्सिटीचे माजी विद्यार्थी. तिथला कोच जुवान हॉवर्डला 2024 ला काढलं तेव्हापासून आमच्याकडे हा विषय काढायची सोय नाही. त्याच्यावर अन्याय झाला का हो? तुम्हीच सांगा एकदा, म्हणजे घरातलं मिटेल.
– एक वाचक, मिशिगन

उत्तर: ताई, मिटणार नाही, पण सांगतो. हॉवर्ड म्हणजे फॅब फाइव्हमधला, फर्स्ट इयरच्या पाच पोरांनी 1992 ला थेट फायनल गाठली तो ग्रुप. 2019 ला एनबीएच्या मायामी हीटमधून परत आला आणि पहिल्या पत्रकार परिषदेत रडला. 2021 ला बिग टेन लीग जिंकली, शेवटच्या आठात गेले, एपी या वृत्तसंस्थेचा कोच ऑफ द इयर झाला. इथपर्यंत मिस्टरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

मग 2022 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनशी मॅच संपल्यावर हात मिळवायच्या रांगेत बाचाबाची झाली आणि याने समोरच्या असिस्टंट कोचच्या डोक्यावर हात चालवला. लीगच्या उरलेल्या पाच मॅचेस घरी बसवला, 40,000 डॉलर दंड. तरी नोकरी राहिली. 2023 ला मोठा खेळाडू हंटर डिकिन्सन कॅन्सासला निघून गेला, त्याच सप्टेंबरात हॉवर्डचं हार्टचं ऑपरेशन झालं, आणि तो सीझन 8-24 ने संपला. ऑपरेशनच्या वर्षाचं खापर त्याच्यावर फोडणं मला पटत नाही, पण त्याच्या आदल्या वर्षीही टूर्नामेंट हुकली होती. पाच वर्षं मिळाली, 87-72. अन्याय नाही म्हणणार मी. मिस्टरांना हवं तर सांगा की मेल्यावर पुतळा उभारण्यापेक्षा हे बरं.

प्रश्न: मेम्फिस युनिव्हर्सिटीचा जुना खेळाडू आणि नंतर तिथलाच कोच पेनी हार्डवे, त्याने म्हणे एका मुलाच्या घरच्यांना पैसे दिले आणि नंतर तोच मुलगा त्याच्या टीममध्ये. हे चालतं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: नाही चालत, आणि गंमत अशी की दिले तेव्हा तो मेम्फिस युनिव्हर्सिटीचा कोच नव्हता. 2017 ला तो मेम्फिसमधल्या एका शाळेच्या टीमचा कोच होता, जेम्स वाइजमनच्या घरच्यांना शहरात राहायला येण्यासाठी 11,500 डॉलर दिले. पण 2008 ला त्याने युनिव्हर्सिटीला दहा लाख डॉलरची देणगी दिलेली, त्यामुळे एनसीएएच्या हिशोबात तो कायमचा 'बूस्टर', म्हणजे कॉलेजचा देणगीदार पाठीराखा. वाइजमनला 12 मॅचेसची बंदी आणि तेवढीच रक्कम दान करायची शिक्षा, पोरगा तीन मॅच खेळून कॉलेज सोडून गेला. जुन्या विद्यार्थ्याने प्रेमाने दिलेली देणगी अशी अंगाशी येते.

प्रश्न: मी युनिव्हर्सिटी लेव्हलला खेळलेय, राज्याच्या टीममध्येही होते. आता माझ्या जुन्या कॉलेजने मुलींच्या टीमला कोच म्हणून बोलावलंय. नोकरी सांभाळून जमेल का? जाऊ का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: जा. पण होय म्हणायच्या आधी प्रिन्सिपॉल आणि स्पोर्ट्स डायरेक्टरशी बसून बोला. टीम निवडणार कोण, तुम्ही का कमिटी? ग्राउंड संध्याकाळी किती वाजेपर्यंत मिळणार, लाइट आहेत का, बाहेरगावच्या मॅचेसना मुलींबरोबर कोण येणार, प्रवासाचा खर्च कोण देणार? सध्या कोणी सर टीम बघत असतील तर त्यांना बाजूला सारून जाऊ नका, पहिलं वर्ष त्यांच्याबरोबर काढा, मुलींच्या घरचे कोण, कुणाची शेवटची बस कितीला सुटते, परीक्षा कधी, हे सगळं त्यांना माहीत असतं. आणि प्रॅक्टिसला स्वतः खेळून दाखवायचा मोह होईल, तो आवरा, मुली टाळ्या वाजवतील आणि शिकणार काहीच नाहीत. मानधन किती आणि कधी, हे लेखी घ्या. आपलंच कॉलेज आहे म्हणून तोंडी चालेल असं म्हणू नका, आपल्याच कॉलेजात पैसे सगळ्यात उशिरा निघतात.