दाळमिल वाढवायचीय, पण शेड आधी की सुकवणी?

प्रश्न : नमस्कार. जळगाव एमआयडीसीत आमची तूरदाळीची मिल आहे, वडील आणि काकांनी सुरू केलेली, आता मी आणि चुलतभाऊ बघतो. प्लॉट अर्धा एकर. उन्हाळ्यात रोज २० टनापर्यंत तूर काढतो, पावसाळ्यात मात्र निम्म्याच्याही खाली येतो. मुंबई-सुरतचे व्यापारी दुप्पट माल मागतायत पण जागाच नाही, बोरे (पोती) बाहेर ताडपत्रीखाली पडून असतात. नशिराबादकडे दोन एकर शेतजमीन बघितलीय, शेडवाल्याने १८ हजार चौरस फुटाचं कोटेशनही दिलंय. कोणी म्हणतं धुळे जिल्ह्यातल्या नरडाणा एमआयडीसीला जा. काका एकच म्हणतात, "इतली घाई काबर करस?" काय करावं?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना "पावसाळ्यात निम्म्याच्याही खाली" या शब्दांवर अडकलो, कारण तुमचं खरं दुखणं तिथेच आहे आणि तुम्ही ते ओझरतं सांगून पुढे जागेकडे गेलात. टरफल काढणारे रोल तेच, माल वर चढवणारे एलिव्हेटर तेच, माणसं तीच, मग जुलैत माल का निघत नाही? वाळत नाही म्हणून. टरफल सुटावं म्हणून तेल-पाणी लावलेली तूर स्लॅबवर पसरायची आणि आभाळाकडे बघत बसायचं, हे खान्देशातल्या किती मिलमध्ये मी बघितलंय त्याची मोजदाद नाही.

आता हिशोब करा. २० टन तूर दोन इंचाच्या थराने पसरायची तर साडेपाच-सहा हजार चौरस फूट लागतात. एप्रिलमध्ये जळगावचं ऊन ४४-४५ डिग्रीचं, दोन दिवसात काम होतं, म्हणजे बारा हजार फूट धरा. ढगाळ दिवसात तीन-चार दिवस घ्या, जागा आपोआप दुप्पट. रोज ४० टन करायचे आणि सुकवणी उन्हावरच ठेवायची तर तुमच्या दोन एकरातला मोठा तुकडा नुसतं वाळवणच खाईल, आणि पावसाळ्यात तोही निकामी. शेडवाल्याच्या कोटेशनमध्ये हे कुठे असेल असं वाटत नाही, तो पत्रा आणि गर्डर विकतो, त्याला तुमची तूर किती दिवस ओली असते ते कसं माहीत असणार.

म्हणून माझं पहिलं म्हणणं, कोटेशन बाजूला ठेवा आणि पंधरा दिवस वही ठेवा. मुनीमला नाही, स्वतः लिहा. तूर काट्यावर कधी आली, सफाईला कधी लागली, रोलवरून कधी उतरली, किती तास भिजत राहिली, वाळून कधी उचलली, सॉर्टेक्सला (कॅमेऱ्याने रंग बघून खराब दाणा वेगळा करणाऱ्या मशीनला) कधी गेली, गाडीत कधी भरली. प्रत्येक ठिकाणी किती बोरे थांबलेत ते मोजा. जिथे थप्पी सगळ्यात उंच दिसते त्याच्या पुढचं मशीन तुमच्या मिलची खरी ताकद. समजा रोल तासाला दोन टन काढतात आणि वीस तास चालतात, म्हणजे ४० टन, पण सॉर्टेक्स तासाला दीड टन आणि तोही बारा तासच, म्हणजे १८. अशा मिलमध्ये अजून दोन रोल बसवले तर फक्त थप्पी वाढते, दाळ वाढत नाही.

माझा अंदाज असा की तुमच्याकडे आधी ड्रायर हवा, मग कदाचित सॉर्टेक्स, आणि जागा तिसऱ्या नंबरवर. ड्रायर टरफलावर किंवा लाकडावर चालणाऱ्या भट्टीच्या गरम हवेचा घ्या, उभा असतो, जमीन कमी खातो, तुमच्या आताच्या प्लॉटच्या मागच्या भागातही बसू शकेल. फक्त भट्टी आली की प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीत बदल करून घ्यावा लागतो, ते आधी विचारून ठेवा, बसवल्यावर नको. यंदाच्या पावसाळ्याआधी एवढं झालं तरी तुमचा पावसाळ्यातला धंदा सावरेल, आणि व्यापाऱ्याला बाराही महिने माल देऊ शकतो हे एकदा सिद्ध झालं की बँकेसमोरही बोलायला तोंड राहील.

पैशाचं बोलतो, कारण इथेच चांगली घरं अडकलेली बघितलीत. तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत येते आणि दाळ वर्षभर विकायची असते. नुसता एक महिन्याचा कच्चा माल धरा, रोज २० टन म्हणजे ६०० टन, ५० किलोचे १२ हजार बोरे. २०२५-२६ चा हमीभाव ८,००० रुपये क्विंटल, त्या दराने हे झाले ४ कोटी ८० लाख. रोज ४० टन केले की साडेनऊ कोटींच्या वर, आणि हा नुसता एका महिन्याचा माल! शेडचं कर्ज सगळे काढतात, पण शेड उभं राहिल्यावर त्यात भरायला माल कशाने घ्यायचा हे आधी ठरवलेलं नसतं. बँकेकडे जाताना शेड-मशीनचं कर्ज आणि खेळतं भांडवल दोन्ही एकत्र मागा, शेड आधी मंजूर करून घेऊ नका. सीजीटीएमएसईची, म्हणजे लहान उद्योगांच्या बिनतारण कर्जासाठीच्या सरकारी योजनेची, हमी एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत मिळते, गोडाऊन आणि सफाई-प्रतवारीच्या भागासाठी कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलतीची योजना आहे, ती सध्या चालू आहे का ते मॅनेजरला नाव घेऊन विचारा.

गोडाऊन किती मोठं? बोरं साधारण तीन बाय दोन फूट जागा घेतं, पंधरा थर लावले तर सहा चौरस फुटात ७५० किलो. ६०० टनाला ८०० थप्प्या, ४,८०० चौरस फूट, त्यात हमालाच्या वाटा आणि भिंतीपासून सोडायची जागा धरली की साडेआठ हजार. वर्षाचा माल भरून ठेवायचं स्वप्न मात्र बघू नका. जून २०२४ ला केंद्राने तूर आणि चण्यावर साठा मर्यादा लावली होती, मिलवाल्यांना मागच्या ३ महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यातलं जे जास्त तेवढंच. परत कधी लागेल सांगता येत नाही, आणि म्यानमार-आफ्रिकेची तूर आली की भाव कुठे जाईल तेही नाही. म्हणून नवी लाईन अशी मांडा की रोल-चाळणी बदलून चणा, मूगही काढता येईल.

जागेचं. शेतजमीन स्वस्त दिसते हे खरं, पण सातबारा, फेरफार, रस्त्याचा हक्क, झोन कोणता, आणि तुम्ही शेतकरी नसाल तर कुळकायद्याची अट, हे सगळं तपासावं लागतं. औद्योगिक वापरासाठी वेगळी तरतूद आहे पण तिलाही मुदत आणि शर्ती आहेत. वकिलाकडून हे सगळं लेखी होईपर्यंत एक रुपया इसार देऊ नका. नरडाणा मुंबई-आग्रा रस्त्यावर, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गही जवळ, माल हलवायला उत्तम. पण तुमचे मिस्त्री जळगावात राहतात. रोल कधी किती घासायचा हे ज्याच्या हाताला कळतं तो माणूस नरडाण्याला घर करेल का, हे त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन विचारा, खरंच विचारा.

वीज! हे कळकळीने सांगतो कारण माझ्या हातून चुकलंय. धुळे जिल्ह्यात एका भागीदारीत आम्ही मार्चमध्ये शेड पूर्ण केलं, मशीनं बसवली, पण जास्त लोडसाठी एचटी (उच्च दाबाच्या) कनेक्शनचा अर्ज शेड अर्धं झाल्यावर दिला होता. ट्रान्सफॉर्मर, लाईन, मंजुरी यात पाच महिने गेले, सीझन हातचा गेला, आणि बँकेचं व्याज काही थांबलं नाही. त्या वर्षी आम्ही दोन पोरांना कामावरून कमी केलं, ते अजून मनात आहे. तेव्हा जागा ठरली की पहिला अर्ज विजेचा.

शेड बांधाल तेव्हा लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे लांब भिंतींवर सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन पडत नाही. उंची कमी करून पैसे वाचवू नका, मे महिन्यात पत्र्याखाली हमाल उभा राहू शकला पाहिजे. सॉर्टेक्सला बंद, धूळ नसलेली थंड खोली आणि कोरडी हवा देणारा कॉम्प्रेसर लागतो, उघड्यावर ठेवलात तर उन्हाळ्यात कॅमेरे दगा देतात. दाळीची धूळ पेट घेते, बंद जागेत स्फोटही होतो, म्हणून धूळ ओढून पकडणारे सायक्लोन आणि बॅग फिल्टर नंतर बघू असं करू नका. कच्चा माल एका दाराने आत, दाळ दुसऱ्या दाराने बाहेर, मधे बोरं परत मागे यायला नको. चुनी-टरफलाची गाडी तिसरीकडून. चौदा चाकी ट्रक रिव्हर्स न घेता फिरला पाहिजे, चुना टाकून जमिनीवर आखा आणि खरी गाडी आणून फिरवून बघा.

जागा ठरली तर दोन एकरचा पूर्ण नकाशा आधीच करा पण अर्धंच बांधा. वाढ ज्या बाजूला होणार तिकडच्या शेवटच्या फ्रेमचं डिझाईन पुढचा भार धरूनच करायला सांगा, तिकडची भिंत पक्की न घेता पत्र्याची घ्या, केबलचे खड्डे आणि गटार मात्र पूर्ण मापाचे आधीच. आणि अर्धी प्रक्रिया जुन्या प्लॉटवर, अर्धी नव्यावर असं करू नका, ओला माल गाडीतून हलवण्यात भाडंही जातं आणि दाणाही तुटतो. फार तर साठा आणि सफाई नव्या जागी, बाकी सगळं एका छताखाली.

पंधरा दिवसांची वही झाली की तिचे फोटो पाठवा, सॉर्टेक्सचं मॉडेल आणि विजेचा आताचा मंजूर लोडही कळवा. ड्रायर किती टनाचा घ्यायचा ते त्यावरूनच सांगता येईल. आणि काकांना माझा नमस्कार.